इंजिनाचा टॉर्क, अश्वशक्ती आणि घनक्षमता

टॉर्क, अश्वशक्ती आणि घनक्षमता या अंतर्ज्वलन इंजिनाचे वर्णन करणाऱ्या तीन मूलभूत राशी आहेत. इंजिनातील सर्व दट्ट्यांनी एकेका धावेत व्यापलेल्या एकूण आकारमानास घनक्षमता म्हणतात. इंजिनाच्या दंडाला पीळ देऊन फिरवणाऱ्या जोरास टॉर्क किंवा परिपीडन म्हणतात. हा जोर किती त्वरेने काम करतो, त्याचे माप अश्वशक्तीत दिले जाते. मोटार, मोटारसायकल, ट्रॅक्टर किंवा पाणी उपसण्याचे इंजिन विकत घेताना या तीन राशींचे आकडे ग्राहकासमोर ठेवले जातात. परंतु त्यांपैकी कोणताही एक आकडा इंजिनाची योग्यता सांगण्यास पुरेसा नसतो.

महिंद्रा ५७५ डीआय या ट्रॅक्टरच्या चार सिलिंडरांच्या इंजिनाची घनक्षमता २,७३० घन सेंटीमीटर आणि शक्ती सुमारे ४५ अश्वशक्ती आहे. मारुती सुझुकीच्या स्विफ्ट व डिझायर या मोटारींत अनेक वर्षे वापरल्या गेलेल्या के१२एन या पेट्रोल इंजिनाची घनक्षमता १,१९७ घन सेंटीमीटर, म्हणजे ट्रॅक्टरच्या निम्म्याहून कमी आहे. शक्ती मात्र सुमारे ९० अश्वशक्ती, म्हणजे ट्रॅक्टरच्या दुप्पट आहे. तरीही उसाच्या भरलेल्या ट्रॉल्या ट्रॅक्टरच ओढतो. हा विरोधाभास का निर्माण होतो, हे तिन्ही राशींचा परस्परसंबंध पाहिल्यावर स्पष्ट होते. प्रस्तुत लेखातील बहुतेक उदाहरणे धाराशिव जिल्ह्यातील शेती, विहिरी आणि घाटरस्ते यांच्याशी निगडित आहेत.

## घनक्षमता

सिलिंडरमध्ये दट्ट्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत जे अंतर जातो, त्यास धाव म्हणतात. सिलिंडरच्या आतील छेदाचे क्षेत्रफळ, धावेची लांबी आणि सिलिंडरांची संख्या यांचा गुणाकार म्हणजे इंजिनाची घनक्षमता होय. ती घन सेंटीमीटरमध्ये, म्हणजेच बोलीभाषेतील 'सीसी'मध्ये, किंवा लिटरमध्ये मोजतात. १,००० घन सेंटीमीटर म्हणजे १ लिटर.

पुण्यात १९४६ मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या कंपनीचे एव्ही-१ हे एक सिलिंडरचे डिझेल इंजिन याचे सोपे उदाहरण आहे. त्याच्या सिलिंडरचा व्यास ८ सेंटीमीटर व धाव ११ सेंटीमीटर आहे. छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ५०.३ चौरस सेंटीमीटर येते. त्यास ११ ने गुणल्यास ५५३ घन सेंटीमीटर ही घनक्षमता मिळते.

घनक्षमता हे शक्तीचे माप नाही. एका चक्रात इंजिन किती हवा आत घेऊ शकते, एवढेच ती सांगते. इंधन जळण्यासाठी हवेतील ऑक्सिजन लागतो. त्यामुळे आत घेतलेल्या हवेच्या प्रमाणातच इंधन जाळता येते आणि दट्ट्यावर पडणाऱ्या दाबाला मर्यादा पडते. या अर्थाने घनक्षमता म्हणजे इंजिनाच्या 'घासा'चे माप आहे. असे किती घास मिनिटाला घेतले जातात, हे इंजिनाच्या फेऱ्यांवर अवलंबून असते.

## टॉर्क

एखाद्या अक्षाभोवती वस्तू फिरवताना लावलेले बल आणि त्या बलाचे अक्षापासूनचे लंब अंतर यांचा गुणाकार म्हणजे टॉर्क. जात्याचा खुंटा पाळीच्या कडेजवळ असतो, कारण तो मध्याकडे बसवल्यास तेच जाते फिरवायला अधिक जोर लागला असता. चाकाचा घट्ट बसलेला नट आखूड पान्याने सुटत नाही, लांब पान्याने सुटतो, त्याचेही कारण हेच.

टॉर्कचे आंतरराष्ट्रीय एकक न्यूटन-मीटर आहे. ०.३ मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला ४०० न्यूटन, म्हणजे साधारण ४० किलोग्रॅम वजनाइतका जोर लावल्यास नटावर १२० न्यूटन-मीटर टॉर्क पडतो. वर उल्लेखिलेल्या के१२एन इंजिनाचा कमाल टॉर्क ११३ न्यूटन-मीटर आहे. याचा अर्थ असा, की मनुष्याने लांब पान्यावर लावलेला पीळ आणि मोटारीच्या इंजिनाचा पीळ यांत फारसा फरक नसतो. फरक पडतो तो त्वरेत: मनुष्य पान्याला काही सेकंदांत पाव फेरा देतो, तर इंजिन तसाच पीळ कायम ठेवून मिनिटाला हजारो फेरे पूर्ण करते.

इंजिनात जळणाऱ्या वायूंचा दाब दट्ट्याला खाली ढकलतो. हा जोर संयोगदंडामार्फत भुजादंडाच्या आऱ्यावर येतो आणि त्याचे रूपांतर पिळात होते. धाव लांब असलेल्या इंजिनाचा टॉर्क केवळ त्या कारणाने अधिक असतो, असा समज प्रचलित आहे. धाव वाढली की आरा लांब होतो हे खरे. परंतु घनक्षमता तेवढीच ठेवायची तर व्यास कमी करावा लागतो आणि दट्ट्यावरील एकूण बलही त्याच प्रमाणात घटते. सरासरी दाब समान असेल, तर समान घनक्षमतेच्या दोन चौधावी इंजिनांचा टॉर्क समानच राहतो.

## शक्ती आणि अश्वशक्ती

कार्य करण्याच्या त्वरेस भौतिकशास्त्रात शक्ती म्हणतात. तिचे आंतरराष्ट्रीय एकक वॅट आहे. अश्वशक्ती हे एकक अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जेम्स वॅट याने वाफेच्या इंजिनाची तुलना घोड्यांच्या कामाशी करण्यासाठी रूढ केले. ब्रिटिश अश्वशक्ती सुमारे ७४५.७ वॅट, तर मेट्रिक अश्वशक्ती ७३५.५ वॅट असते. मेट्रिक अश्वशक्तीची व्याख्या अशी: ७५ किलोग्रॅम वजन १ सेकंदात १ मीटर उचलणे. या लेखातील आकडे मेट्रिक अश्वशक्तीत आहेत.

विहिरीवरील मोटेच्या साहाय्याने ही व्याख्या डोळ्यांसमोर आणता येते. मोटेत १५० लिटर पाणी आहे, विहीर १० मीटर खोल आहे आणि बैलजोडी धावेवरून उतरत २० सेकंदांत मोट वर आणते, असे मानू. १५० किलोग्रॅम गुणिले १० मीटर भागिले २० सेकंद, म्हणजे सेकंदाला ७५ किलोग्रॅम-मीटर. घर्षण वगळल्यास, मोट वर येत असताना ही जोडी बरोबर १ अश्वशक्ती देत असते. रिकामी मोट खाली सोडण्यात आणि बैल मागे सारण्यात जाणारा वेळ धरला, तर सरासरी शक्ती याहून बरीच कमी भरते.

५ अश्वशक्तीचे एव्ही-१ इंजिन १,५०० फेऱ्यांवर सुमारे ३.७ किलोवॅट शक्ती देते. पंपाची कार्यक्षमता ५० टक्के धरल्यास २० मीटर उंचीवर ते सेकंदाला सुमारे ९ लिटर पाणी चढवू शकते. पाणी खोल जाऊन हीच उंची ४० मीटर झाली, की विसर्ग निम्म्यावर येतो. पर्जन्यछायेतील धाराशिव जिल्ह्यात उन्हाळ्यात विहिरींची पातळी खालावते, तेव्हा तेच इंजिन पूर्ण क्षमतेने चालूनही पाणी कमी देते. त्याचे एक कारण शक्तीच्या या मर्यादेत आहे.

## तिन्ही राशींचा परस्परसंबंध

शक्ती म्हणजे टॉर्क आणि फिरण्याचा वेग यांचा गुणाकार. प्रचलित एककांत हे सूत्र पुढीलप्रमाणे लिहितात:

अश्वशक्ती = टॉर्क (न्यूटन-मीटर) × मिनिटाचे फेरे ÷ ७,०२४

शक्ती किलोवॅटमध्ये हवी असल्यास ७,०२४ ऐवजी ९,५४९ ने भागावे. या सूत्राने पाच परिचित इंजिनांची तुलना करता येते. टॉर्कच्या स्तंभातील आकडे कमाल टॉर्कचे नसून, कमाल शक्ती ज्या फेऱ्यांवर मिळते त्या फेऱ्यांवरील टॉर्कचे आहेत.

| इंजिन | घनक्षमता (घन सेंमी) | शक्ती (अश्वशक्ती) | मिनिटाचे फेरे | टॉर्क (न्यूटन-मीटर) | लिटरमागे अश्वशक्ती | लिटरमागे टॉर्क |
|---|---|---|---|---|---|---|
| किर्लोस्कर एव्ही-१ | ५५३ | ५ | १,५०० | २३ | ९ | ४२ |
| हिरो स्प्लेंडर प्लस | ९७ | ८ | ८,००० | ७ | ८२ | ७२ |
| महिंद्रा ५७५ डीआय | २,७३० | ४५ | १,९०० | १६६ | १६ | ६१ |
| मारुती के१२एन | १,१९७ | ९० | ६,००० | १०५ | ७५ | ८८ |
| टाटा नेक्सॉन डिझेल (टर्बो) | १,४९७ | ११५ | ३,७५० | २१५ | ७७ | १४४ |

शेवटचे टर्बो इंजिन वगळता उरलेल्या चार इंजिनांत लिटरमागे मिळणारी अश्वशक्ती ९ पासून ८२ पर्यंत, म्हणजे नऊपट बदलते. लिटरमागे मिळणारा टॉर्क मात्र ४२ ते ८८ या मर्यादेत, म्हणजे दुपटीच्या आसपास राहतो. टर्बो नसलेल्या इंजिनाचा टॉर्क प्रामुख्याने घनक्षमतेवर ठरतो, तर अश्वशक्ती त्या टॉर्कबरोबरच इंजिन किती वेगाने फिरते यावरही ठरते, हा निष्कर्ष त्यातून निघतो. विहिरीवरील ५५३ घन सेंटीमीटरचे इंजिन ५ अश्वशक्ती देते आणि ९७ घन सेंटीमीटरची मोटारसायकल ८ अश्वशक्ती देते, यात म्हणूनच काही चमत्कार नाही. मोटारसायकलीचे इंजिन पाचपटींहून अधिक वेगाने फिरत असते.

शेतीची इंजिने संथ ठेवण्यामागे हेतू असतो. फेरे वाढले की दट्ट्याला दिशा बदलताना बसणारे झटके फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतात. घर्षण आणि झीजही वाढते. मोटारीचे इंजिन आपल्या कमाल शक्तीवर क्वचित व थोडा वेळ चालते. पाण्याचे इंजिन किंवा नांगरणी करणारा ट्रॅक्टर मात्र तासन्‌तास जवळजवळ पूर्ण भाराखाली चालतो. त्यामुळे त्याची घनक्षमता मोठी व फेरे कमी ठेवले जातात.

## गिअरचे कार्य

गिअर टॉर्क वाढवतात किंवा कमी करतात. शक्ती वाढवत नाहीत. दहास एक अशा गुणोत्तराच्या गिअरमुळे टॉर्क दहापट होतो आणि फेरे एक-दशांश होतात. दोहोंचा गुणाकार, म्हणजे शक्ती, घर्षणात गेलेला भाग वगळता तेवढीच राहते. उपलब्ध शक्ती वेगाच्या रूपात वापरायची की ओढीच्या, एवढीच निवड गिअरमुळे करता येते.

### घाटातील चढ

सोलापूरकडून येणारा रस्ता तुळजापूरजवळ घाट चढून बालाघाटच्या पठारावर येतो. अशा चढावर उसाने भरलेल्या ट्रॉल्यांसह एकूण १५ टन वजनाचा ट्रॅक्टर जात आहे, चढ २० मीटरला १ मीटर आहे आणि चाकांचा रस्त्यावरील रोध वजनाच्या २ टक्के आहे, असे मानू. तेव्हा लागणारी ओढ सुमारे १०,३०० न्यूटन भरते. ४५ अश्वशक्तीपैकी ८५ टक्के शक्ती चाकांपर्यंत पोहोचते असे धरल्यास या चढावर ताशी सुमारे १० किलोमीटर वेग मिळतो.

हेच गणित टॉर्कच्या बाजूने करता येते. मागच्या चाकाची त्रिज्या ०.६४ मीटर असल्यास चाकांवर एकूण सुमारे ६,६०० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. इंजिनाचा टॉर्क १६६ न्यूटन-मीटर असल्याने, गिअरमधील हानी धरून, सुमारे ४७ पट गुणोत्तराचा गिअर आवश्यक ठरतो. इंजिनाचे १,९०० फेरे ४७ ने भागून चाकाचा वेग काढल्यास तोही ताशी सुमारे १० किलोमीटरच येतो. टॉर्क आणि अश्वशक्ती या दोन परस्परविरोधी गोष्टी नसून एकाच हिशेबाच्या दोन बाजू आहेत, हे यावरून दिसते.

याच चढावर ३० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर पुरेशा खालच्या गिअरमध्ये ताशी साडेसहा किलोमीटरच्या आसपास वेग राखू शकेल. शक्ती कमी असल्याने चढ अशक्य होत नाही, वेळ अधिक लागतो. प्रत्यक्षात दुसरी मर्यादा आधी येऊ शकते: चाकांची पकड. डांबरी रस्त्यावर पकडीचा गुणांक ०.७ धरल्यास १०,३०० न्यूटन ओढीसाठी मागच्या चाकांवर किमान दीड टन भार हवा. तो नसल्यास इंजिनात कितीही जोर असला तरी चाके जागीच फिरतात. ओल्या काळ्या मातीत पकड आणखी घटते. ओढीचा बिंदू उंच असल्यास ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली जाऊन तो उलटण्याचाही धोका असतो.

### घाटातील उतार

उतारावर गुरुत्वाकर्षण वाहनाला शक्ती पुरवते आणि ती कोठेतरी खर्ची घालावी लागते. वरील १५ टनांचे वाहन तोच घाट ताशी २० किलोमीटर वेगाने उतरत असेल, तर चाकांचा रोध वजा जाता सुमारे ३३ अश्वशक्ती शिल्लक राहते. खालच्या गिअरमध्ये असताना इंजिन आणि गिअरपेटी यांच्या रोधामुळे यातील काही भाग शोषला जातो. इंधन वाचवण्यासाठी वाहन न्यूट्रलमध्ये सोडल्यास हा सर्व भार ब्रेकवर येतो. ते तापतात आणि त्यांचा प्रभाव कमी होतो. वेग निम्मा ठेवल्यास हा भारही निम्मा होतो. चढताना जो गिअर लागतो, साधारण त्याच गिअरमध्ये उतरावे, या चालकांच्या पारंपरिक नियमामागे हे कारण आहे.

## डिझेल आणि टर्बो इंजिने

टर्बोचार्जर हे बाहेर जाणाऱ्या तप्त वायूंच्या ऊर्जेवर फिरणारे यंत्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरते. त्यामुळे तेवढ्याच घनक्षमतेत अधिक हवा मावते, अधिक इंधन जाळता येते आणि टॉर्क वाढतो. तक्त्यातील नेक्सॉन डिझेलचा लिटरमागील टॉर्क इतरांपेक्षा बराच अधिक दिसतो, त्याचे हे मुख्य कारण आहे.

या डिझेल इंजिनाचा कमाल टॉर्क २६० न्यूटन-मीटर असून तो १,५०० ते २,७५० फेऱ्यांदरम्यान मिळतो. सूत्रानुसार १,५०० फेऱ्यांवरच त्याच्याकडे सुमारे ५५ अश्वशक्ती उपलब्ध असते. तेवढी शक्ती मिळवण्यासाठी ११३ न्यूटन-मीटर कमाल टॉर्क असलेल्या पेट्रोल इंजिनाला किमान ३,४५० फेऱ्यांपर्यंत जावे लागते. घाटात डिझेल मोटार गिअर न बदलता चढते आणि लहान पेट्रोल मोटारीला खालचा गिअर टाकावा लागतो, हा अनुभव यातून येतो. खालचा गिअर टाकल्यावर फेरे वाढतात आणि पेट्रोल इंजिनही पुरेशी शक्ती देते.

ट्रॅक्टरच्या बाबतीत आणखी एक गुण महत्त्वाचा असतो. नांगराचा फाळ कठीण जमिनीत अडला की इंजिनाचे फेरे उतरतात. फेरे उतरताना टॉर्क वाढत गेला, तर इंजिन बंद न पडता अडथळा पार करते. या वाढीस टॉर्कची राखीव क्षमता म्हणता येईल. केवळ अश्वशक्तीच्या आकड्यावरून ती कळत नाही.

## उंची आणि तापमानाचा परिणाम

धाराशिव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे ६ टक्के कमी असते. उन्हाळ्यात तापमान २५ अंशांवरून ४० अंश सेल्सिअसवर गेल्यास घनता आणखी सुमारे ५ टक्क्यांनी घटते. टर्बो नसलेल्या इंजिनाचा टॉर्क आणि शक्ती साधारण त्याच प्रमाणात कमी होतात. टर्बो इंजिनात ही घट काही अंशी भरून निघते.

## मोजमाप, कर आणि खरेदी

इंजिनाचा टॉर्क डायनमोमीटर या उपकरणाने मोजतात; अश्वशक्ती टॉर्क आणि फेऱ्यांवरून काढली जाते. भारतात मोटारींच्या चाचण्या करणाऱ्या संस्थांमध्ये पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था प्रमुख आहे. ट्रॅक्टरच्या चाचण्या मध्य प्रदेशातील बुधनी येथील केंद्रीय संस्थेत होतात.

घनक्षमतेचा संबंध करआकारणीशीही आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या दरांनुसार ४ मीटरपर्यंत लांबीच्या मोटारींपैकी १,२०० घन सेंटीमीटरपर्यंतच्या पेट्रोल आणि १,५०० घन सेंटीमीटरपर्यंतच्या डिझेल मोटारींवर १८ टक्के, तर त्याहून मोठ्या मोटारींवर ४० टक्के कर आहे. लहान मोटारींवरील करसवलतीची हीच घनक्षमता-मर्यादा आधीपासून होती. भारतीय बाजारात १,१९७, १,१९९ किंवा १,४९७ घन सेंटीमीटरची इंजिने वारंवार आढळतात, यामागे या मर्यादांचा मोठा वाटा आहे.

ट्रॅक्टर घेताना जाहिरातीत ठळकपणे दिलेली अश्वशक्ती बहुधा इंजिनाची असते. रोटाव्हेटरसारखी अवजारे ज्या दंडावर चालतात, त्या पीटीओवर मिळणारी शक्ती तीपेक्षा काहीशी कमी असते. अवजाराची निवड तिच्यावरून करावी लागते. पीटीओचा प्रमाणित वेग मिनिटाला ५४० फेरे असतो. ट्रॅक्टर अनेकदा कर्जावर घेतला जातो आणि त्याची परतफेड वर्षानुवर्षे चालते. अशा वेळी पीटीओची शक्ती, कमाल टॉर्क व तो मिळण्याचे फेरे, गिअरची गुणोत्तरे आणि ट्रॅक्टरचे वजन यांची एकत्रित तुलना करणे अश्वशक्तीचा एकच आकडा पाहण्यापेक्षा अधिक उपयुक्त ठरते.

## विद्युत मोटार

विद्युत वाहनातील मोटार शून्य फेऱ्यांपासूनच मोठा टॉर्क देऊ शकते. अंतर्ज्वलन इंजिन मात्र ठरावीक किमान फेऱ्यांखाली चालूच राहू शकत नाही. म्हणून त्याला क्लच आणि अनेक गिअर लागतात. बहुतेक विद्युत मोटारगाड्यांत एकच गिअर पुरेसा होतो. विद्युत मोटारीला घनक्षमता नसते, त्यामुळे तिचे वर्णन टॉर्क आणि किलोवॅटमधील शक्ती यांद्वारे केले जाते. टॉर्क आणि फेरे यांच्या गुणाकाराचे वरील सूत्र तिलाही जसेच्या तसे लागू पडते.